बिनइंजिनाचे विमान

ज्या विमानाला इंजिन नसते त्याला ग्लायडर म्हणतात. लहान ग्लायडर हाताने फेकून उडवतात. पेट्रोल नाही, पंखा नाही, आवाज नाही. मग ते वर राहते कसे? पुष्कळ मुलांना वाटते की जोरात फेकल्यामुळे. पण तो जोर थोडाच वेळ पुरतो.

खरे म्हणजे ग्लायडर सारखे खालीच घसरत असते. पण ते ज्या हवेतून घसरते ती हवाच भराभर वर चालली असेल, तर तेही तिच्याबरोबर वर जाते. उन्हाने नांगरलेली जमीन व डांबरी रस्ता लवकर तापतो. तिथली हवा गरम झाली की हलकी होते आणि वर चढते. भातकापणी झाल्यावर दुपारी मलंगगडाकडे बघा. घारी पंख न हलवता गोल गोल फिरत वर जातात. ग्लायडर उडवणारे लोक आधी घार शोधतात. घार जिथे फिरते तिथेच विमान नेतात.

माझा आत्येभाऊ डोंबिवलीला असतो. त्याच्या ग्लायडरला रेडिओ आहे. आत बारीक मोटारी असतात, त्या शेपटाचे भाग हलवतात. उभ्या भागाने विमान वळते, आडव्या भागाने नाक वर-खाली होते. गंमत म्हणजे विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते! सगळ्यात अवघड तेच.

फेकायच्या दोन रीती आहेत. एक भाल्यासारखी, वाऱ्याकडे तोंड करून. दुसरी थाळीफेकीसारखी. पंखाच्या टोकाला खुंटी असते, ती दोन बोटांत धरून गर्रकन फिरायचे आणि सोडायचे. चांगला फेकणारा चाळीस मीटर उंच पाठवतो, म्हणजे बारा मजली इमारतीच्या वर. स्पर्धेत अशा विमानाचे पंख दीड मीटरपेक्षा लांब चालत नाहीत.

पहिले विमान कोणते घ्यावे? दादा म्हणतो, फोमचे, मीटरभर पंखांचे. पंख टोकाकडे वर उचललेले हवेत, म्हणजे कलले तरी आपोआप सरळ होते. कार्बनचे दिसते छान, पण महाग पडते आणि आपटले की दुरुस्त करायला कठीण. फोम डिंकाने चिकटतो. मला तर वाटते, आधी टीव्हीच्या खोक्यातल्या थर्मोकोलचे बिनरेडिओचे करावे. पैसे पडत नाहीत. पंखाखाली, पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर, बोटे धरून तोलावे. शेपूट खाली गेले तर नाकाला चिखलाचा गोळा लावावा. राइट बंधूंनीही १९०० ते १९०२ आधी ग्लायडरच उडवले, इंजिन १९०३ मध्ये लावले.

नेवाळीला दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इंग्रज सरकारने धावपट्टी केली. त्यात शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्या जमिनींसाठी २०१७ साली मोठे आंदोलन झाले. म्हणून माझे आजोबा म्हणतात, विमान आले की जमीन जाते. मी त्यांना सांगितले, या विमानाला धावपट्टी लागत नाही, कापलेले शेत पुरते. तेव्हा ते म्हणाले, "मंग उडव."

पण शेत ज्याचे त्याला आधी विचारायचे. वाल पेरला असेल तर पाय घालायचा नाही. विमान विजेच्या तारेत अडकले तर ते तिथेच राहू द्यायचे, काढायला चढायचे नाही.