राखीव की अतिरिक्त?

‘रिडंडन्सी’ हा इंग्रजी शब्द रुग्णालयाच्या व्यवस्थापनात दोन ठिकाणी आढळतो आणि दोन्ही ठिकाणी त्याचे अर्थ परस्परविरोधी आहेत. जोखीम व्यवस्थापनात तो सुरक्षिततेचा वाचक आहे: एक साधन बंद पडले, तर दुसरे तत्काळ कामी यावे. विजेमागे जनरेटर आणि प्राणवायूच्या मुख्य साठ्यामागे भरलेले सिलिंडर, ही त्याची परिचित उदाहरणे होत. नोकरीच्या संदर्भात मात्र तोच शब्द पदाची गरज संपल्याचे सांगतो. ब्रिटनमध्ये १९६५ च्या कायद्याने अशा कर्मचाऱ्यांना, किमान दोन वर्षांची सेवा झाली असल्यास, भरपाईचा हक्क दिला. आपल्या देशात १९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन, कपात झालेल्या कामगारास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची तरतूद झाली.

मराठीत या दोन अर्थांना दोन शब्द आहेत. पटसंख्या घटली की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. जनरेटरला मात्र आपण ‘राखीव’ म्हणतो. अडचण अशी की, जमाखर्चात दोन्ही सारखेच दिसतात. खर्च नोंदला जातो, उपयोग दिसत नाही. म्हणूनच काटकसर करताना राखीव गोष्टीवर अतिरिक्ताचा शिक्का बसण्याचा धोका असतो.

राखीव साधन केवळ असून भागत नाही. ते मूळ साधनाबरोबरच निकामी होणार नाही, हेही पाहावे लागते. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘सँडी’ वादळात न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयाची वीज गेली. राखीव जनरेटर होते. परंतु त्यांना इंधन पुरविणारी यंत्रणा तळघरात होती आणि तेथे पुराचे पाणी शिरले. सुमारे ३०० रुग्णांना हलवावे लागले. लिफ्ट बंद होत्या. कृत्रिम श्वासावर असलेल्या नवजात बालकांना परिचारिकांनी हाताने पिशवी दाबून श्वास देत, काळोख्या जिन्यांवरून खाली आणले. यंत्रांची राखीव फळी कोसळल्यावर माणसांचे हातच अखेरची फळी ठरले.

यास्तव कोणतेही साधन वा पद कमी करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हे नसेल त्या दिवशी कोणाचा श्वास अडेल? उत्तरात एकही रुग्ण येत असेल, तर ते अतिरिक्त नव्हे, राखीव आहे. देणगीदारांनी व विश्वस्तांनी अशा खर्चाकडे याच दृष्टीने पाहावे, ही नम्र विनंती.