मेंदूची वीज व वर्गांतील मेळ

छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूच्या जुन्या मागावर एक कारागीर धोटा फेंकी आणि दुसरा नक्षीच्या दोऱ्या ओढी. दोघांची लय चुकली कीं वेलबुट्टी बिघडे. अशा सहकार्याच्या वेळीं दोघांच्या मेंदूंत काय घडतें, हा प्रश्न आतां केवळ तर्काचा राहिलेला नाहीं.

मेंदूंतील विजेचे तरंग डोक्यावर बसविलेल्या धातूच्या चकत्यांनीं टिपतां येतात. मनुष्याच्या मेंदूचा असा पहिला आलेख जर्मन वैद्य हान्स बर्गर ह्यांनीं १९२४ सालीं काढला. ही वीज व्होल्टच्या दशलक्षांशांत मोजावी लागते, इतकी ती क्षीण असते.

२०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या प्रयोगांत एका वर्गांतील १२ विद्यार्थ्यांचे आलेख ११ तासांना एकाच वेळीं घेतले गेले. विद्यार्थी पाठांत जितके रमले, तितके त्यांचे तरंग परस्परांशीं जुळलेले आढळले. तासापूर्वीं समोरासमोर बसून दृष्टादृष्ट झालेल्या जोड्यांत हा मेळ विशेष दिसला.

तथापि मेळ म्हणजे ज्ञान नव्हे. तरंगांवरून मुलाचें लक्ष आहे कीं नाहीं ह्याचा अंदाज बांधतां येतो. त्याला काय समजलें, हें वाचतां येत नाहीं. चीनमधील एका शाळेंत मुलांच्या कपाळीं असे पट्टे बांधून लक्षाचे आकडे शिक्षकांना व पालकांना कळविले जात. २०१९ सालीं लोकक्षोभ होतांच तो प्रकार थांबला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें तर २०१० सालींच, संमतीवांचून आरोपीच्या मेंदूची अशी तपासणी करतां येणार नाहीं, असा निर्णय दिला. आरोपीस जें संरक्षण आहे, तें बालकास नको काय? शिक्षकानें ह्या आलेखांवरून आपला पाठ सुधारावा. मुलाच्या योग्यतेचा निवाडा करूं नये.