अंगठा नको, अभिप्राय द्या!

कोर्टात आम्ही रोज अंगठे पाहतो. खरेदीखतावर, प्रतिज्ञापत्रावर, वकीलपत्रावर. शाईच्या पॅडवर दाबलेला, कागदावर थोडा फासटलेला डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारी दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात लिहिलेली 'निशाणी'. मजकूर वाचून दाखविला, तो समजला व मान्य आहे, असे एक वाक्य त्या अंगठ्याच्या वर असते. ते वाक्य किती वेळा खरे असते, हे ज्यांच्या जमिनी अशा कागदांनी गेल्या त्यांना विचारा. आमच्या आजोबांची वतनाची दोन एकर जमीन अशाच एका अंगठ्याने गेली. कागदात काय लिहिले आहे हे त्यांना ती गेल्यावर कळले.

ही आठवण आज निघण्याचे कारण मात्र जमिनीचे नाही, कवितेचे आहे.

मागील भीमजयंतीला आमच्या वस्तीतील एका मुलीने आयुष्यातील पहिली कविता लिहिली आणि मोबाइलवरून सगळ्यांना पाठविली. मुलगी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला, आई कचरा वेचते. रात्रीपर्यंत त्या कवितेवर शे-सव्वाशे अंगठे उमटले. हात जोडलेले, निळी हृदये, मुठी, सगळे काही आले. शब्द मात्र तिघांनीच लिहिले. एकाने लिहिले, 'क्रांतिकारी जयभीम'. दुसऱ्याने लिहिले, 'खूप छान, अशीच लिहीत राहा'. आणि तिसरे आमच्याच समाजातील एक निवृत्त शिक्षक; त्यांनी लिहिले, 'पानी नव्हे, पाणी. आधी शुद्धलेखन शिका, मग कविता लिहा.'

त्या शे-सव्वाशे अंगठ्यांत एक आमचाही होता. कविता आम्ही वाचली नव्हती. मिरवणुकीच्या परवानगीच्या धावपळीत होतो, जयंतीचा दिवस, चळवळीतील मुलगी, दिला अंगठा!

महिन्याभराने तिची आई रेशनकार्डाच्या प्रतिज्ञापत्रासाठी आमच्याकडे आली. आम्ही मजकूर वाचून दाखविला. ती म्हणाली, "वकीलसाहेब, परत एकदा वाचा." परत वाचला. तिने मध्येच थांबवून विचारले, "हितं 'वार्षिक' म्हंजे वर्साचं ना? मंग ही रक्कम कमी लिवलीया." तिचे बरोबर होते. टायपिंगची चूक होती. दुरुस्ती करून आणली, तेव्हा कुठे तिने अंगठा टेकविला. जाताना सहज म्हणाली, "पोरगी लई लिवायची. आता वही माळ्यावर टाकली."

ज्या बाईला वाचता येत नाही ती ऐकून, समजून, चूक काढून मग अंगठा देते. आणि आम्ही? आमच्यावर बाबासाहेबांची कृपा म्हणून आम्ही एलएल. बी. झालो. त्याच बाईच्या मुलीच्या कवितेवर आम्ही न वाचताच अंगठा उठवून मोकळे झालो. त्या रात्री ती कविता आम्ही पहिल्यांदा वाचली.

कविता आईवर आहे. आई कुंडीतून एक जुने गाईड घेऊन येते. त्याच्या पहिल्या पानावर दुसऱ्याच कोणा मुलीचे नाव, इयत्ता आणि शाळा लिहिलेली आहे. आईला ते वाचता येत नाही. ती ते नाव आपल्या लेकीचेच समजून त्यावरून हात फिरवते. लेक काही बोलत नाही. पावसात भिजलेल्या आईच्या तोंडी तो 'पानी' शब्द येतो. इथपर्यंत कविता अशी आहे की वाचणारा गप्प होतो. त्यानंतर मात्र शेवटच्या सहा ओळींत अचानक मशाल येते, वणवा येतो, क्रांतीचा सूर्य येतो आणि त्या सगळ्या गर्दीत आई आणि गाईड दोन्ही हरवून जातात. ही मशाल तिची नाही. ती आपण सगळ्यांनी मिळून तिच्या हातात दिलेली आहे, कारण मशाल आली की अंगठे येतात हे तिला ठाऊक झाले आहे.

आता प्रश्न असा की, एवढी साधी गोष्ट तिला शे-सव्वाशे लोकांपैकी एकानेही का सांगितली नाही?

'पानी'चा विषय आधी मिटवू. आईच्या तोंडचा शब्द आईच्या तोंडासारखाच येणार. आमच्या नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला, त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची आहे. तेंडुलकर तेव्हा मराठीतले नावाजलेले नाटककार, भाषा हा त्यांचा धंदा. पण त्या कवितांतील कितीतरी शब्द आपल्याला कळत नाहीत हे कबूल करायला त्यांना लाज वाटली नाही. त्यांनी नामदेवला शब्दांचे अर्थ विचारले, त्याच्याबरोबर ती वस्ती हिंडून पाहिली आणि मग लिहिले. तेंडुलकरांचे सगळेच आम्हांला पटते असे नाही. परंतु वाचक म्हणून त्यांनी जे केले ते योग्यच केले. शब्द कळला नाही तर विचारायचे असते. आमच्या गुरुजींना तर शब्द कळला होता! एका 'न'साठी ज्या पिढीने वर्गात हसे सोसले, त्याच पिढीचा माणूस तीच छडी घेऊन आपल्याच मुलीसमोर उभा राहतो, याला काय म्हणावे?

गुरुजींविषयी एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. निदान त्यांनी कविता वाचली होती.

पहिला वाचक काय करू शकतो हे पाहायचे तर फलटणला जावे लागेल. बेबीताई कांबळे यांचे तिथे छोटेसे दुकान होते. माल बांधायला जी रद्दी येई ती त्या वाचत. वाचता वाचता लिहू लागल्या. घरच्यांना कळू नये म्हणून लिहिलेले कागद दडवून ठेवत. ज्या घरात बाईने वाचणेही खपत नव्हते, तिथे लिहिणे तर दूरच. अशी वर्षांमागून वर्षे गेली. त्यांनी लिहिले होते ते साधेसुधे नव्हते. आपल्या समाजाची दैन्यावस्था, बाबासाहेबांच्या हाकेने उठलेल्या बाया आणि त्याच घराघरांत सुनांचे होणारे हाल, हे सगळे त्यात होते. शेवटचा भाग आपल्याच लोकांना झोंबणारा होता. पुढे फलटणमध्ये शिक्षणाचे काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या ते पाहण्यात आले. त्यांनी ते वाचले आणि हे छापले गेले पाहिजे म्हणून पाठपुरावा केला. १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आले, १९८६ साली पुस्तक झाले. तेच 'जिणं आमुचं'. २००८ साली माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेले. बेबीताई २०१२ साली गेल्या, पण त्यांचे पुस्तक आज देशोदेशीच्या विद्यापीठांत वाचले जाते.

समजा, त्या कागदांवर त्या दिवशी कोणी नुसते 'खूप छान' म्हणून ते परत केले असते तर? कागद पुन्हा दडविले गेले असते. आम्हांला राहून राहून वाटते, आपल्या वस्त्यांत असे किती कागद दडलेले असतील! आणि किती वह्या माळ्यावर गेल्या असतील!

आपल्याकडे ही परंपरा नव्हती असे नाही. औरंगाबादेत डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालविले, त्याचे मेळावे भरत. त्या मेळाव्यांचे नावच 'लेखक-वाचक मेळावा' असे होते. नुसता लेखकांचा नव्हे. वाचक हा तिथे सतरंजीवर बसून टाळ्या वाजविणारा नव्हता.

मग आज आपण बोलायला का घाबरतो? आमच्या मते याची दोन कारणे आहेत. एक कारण तर उघड आहे, आळस. दुसरे अधिक अवघड आहे. कविता बाबासाहेबांवर असली, की तिच्यात खोट काढणे म्हणजे बाबासाहेबांतच खोट काढणे असे आपण समजतो. कच्च्या यमकाचा कवीही मग 'भीमराया'च्या आड सुरक्षित उभा राहतो. तुम्ही बोललात, की तुमची निष्ठा तपासली जाते. आमच्यावर हा प्रसंग आलेला आहे. एका कविसंमेलनात एका कार्यकर्त्याच्या कवितेला आम्ही 'हे भाषण आहे, कविता झालेली नाही' असे म्हणालो. वर्षभर त्याने आमचा जयभीम घेतला नाही.

त्या मित्राला आम्ही एवढेच विचारू इच्छितो, बाबासाहेबांनी स्वतःच्या लिखाणाबाबत काय केले? संविधानाचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आठ महिने लोकांपुढे होता. कोणीही वाचावे, कोणीही सूचना पाठवाव्यात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी तो संविधान सभेपुढे ठेवला. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. काही बाबासाहेबांनी स्वीकारल्या, काही कारणे देऊन नाकारल्या. प्रकृती ढासळलेली असताना हा माणूस कलमागून कलम उत्तरे देत उभा होता. ज्यांचा नेता साडेसात हजार दुरुस्त्यांना सामोरा गेला, त्यांच्या कवीने एका दुरुस्तीवर रुसून बसावे?

कठोर बोलावे की न बोलावे, हा प्रश्न तथागतांनाही विचारला गेला होता. मज्झिम निकायात अभय राजकुमाराची कथा आहे. त्याच्या मांडीवर तान्हे मूल होते. भगवंतांनी त्याला विचारले, या मुलाने काठी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? तो म्हणाला, बोट घालून काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची दया आहे. बोलणे सत्य हवे, हिताचे हवे. आणि ते ऐकणाऱ्याला कडू लागणारे असेल, तर वेळ पाहून बोलावे, असा त्याचा रोख आहे. गुरुजींचे बोट तोंडात गेले, पण तिथे खडा नव्हताच. आम्ही तर मुलाकडे पाहिलेही नाही.

जाता जाता वकील म्हणून एक गोष्ट सांगतो. ती कविता पुढे तीन गावांत फिरली आणि तिसऱ्या गावात पोहोचेपर्यंत तिच्याखालचे मुलीचे नाव गळून पडले होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे लेखनावर आपले नाव असण्याचा हक्क लेखकाचा आहे. तो कवी नवशिका आहे की नामवंत, हे कायदा विचारत नाही. कविता आवडली तर नावासकट पुढे पाठवा. हजारो वर्षे आपल्या श्रमावर दुसऱ्याचे नाव लागले, निदान आपण तरी ते करू नये.

आम्ही त्या मुलीला पत्र लिहिले. कागदावर, पेनाने, दोन पाने. आधी न वाचता अंगठा दिल्याबद्दल माफी मागितली. गाईडावरील त्या परक्या नावापाशी आम्ही का थांबलो ते लिहिले. 'पानी' तसेच ठेव म्हणून सांगितले. आणि शेवटच्या सहा ओळी काढून टाकाव्यात असे आमचे मत कारणांसह दिले.

पंधरा दिवसांनी तिची आई पुन्हा आली. पदराखालून वहीचे फाडलेले पान काढून तिने टेबलावर ठेवले. मुलीने लिहिले होते, "सर, मशाल काढली, सूर्य काढला, वणवापण काढला. पण 'जयभीम' म्हणून आई उठते ती एक ओळ काढणार नाही. तुम्हाला ती घोषणा वाटली असेल. आमच्या घरी पहाटे चारला आई खरंच तसं म्हणून उठते आणि गोणी उचलते. कवितेत चार वाजलेले लिहायचे राहिले होते. ते आता लिहिले आहे."

खाली नवी कविता होती. आम्ही ती वाचायला घेतली, तर आई समोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मोठ्यानं वाचा साहेब. मलाबी ऐकायचंय, माझ्यावर काय लिवलंय ते."