ऑस्कर, हार्डवेअर आणि दोंडाईचा

ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा म्हटलं की आपल्यापैकी निम्म्यांचा हात थेट रिमोटकडे जातो. उरलेल्यांतले बरेचजण 'क्लासिक आहे यार' म्हणत बसतात आणि पंधराव्या मिनिटाला मोबाइल उघडतात. जे थोडे राहतात, ते आपल्याला पार्टीत भेटतात. 'कासाब्लांका' कितव्यांदा पाहिला ते सांगतात, हम्फ्री बोगार्ट सिगारेट कशी धरतो ते करून दाखवतात. आणि आपण प्लेटमधल्या वेफर्सकडे बघत राहतो. कारण आपलं लहानपण भलत्याच गावात गेलेलं असतं. माझं गेलं दोंडाईच्यात.

दोंडाईचा कुठे आलं? जिल्हा धुळे, तालुका शिंदखेडा. सुरत-भुसावळ लाइनवरचं स्टेशन. लाल मिरचीची बाजारपेठ, त्यामुळे सीझनला पाहुणा आला की आधी ठसका लागतो, मग चहा मिळतो. पुण्यातल्या ऑफिसात पहिल्या दिवशी एवढं सगळं सांगायला कुणाला वेळ असतो? म्हणून आमच्याकडची मंडळी शॉर्टकट काढतात. कुणी 'धुळ्याजवळ' म्हणतं, कुणी सरळ 'नाशिक साइड'. अहिराणी फक्त घरच्या फोनवर. तीसुद्धा कॅन्टीनच्या बाहेर जाऊन, हळू आवाजात.

याचा हॉलिवुडशी काय संबंध, असं विचाराल. आहे ना बॉस! जुन्या हॉलिवुडचे ते चकचकीत स्टार्स कुठून आले होते, ते एकदा बघा. बहुतेकजण आपल्यासारखेच. लहान गावातले, साध्या घरातले, बोलण्याला गावाचा वास असलेले. हे कळलं की ते सिनेमे एकदम वेगळे दिसायला लागतात. त्यांची भीती जाते आणि मजा सुरू होते.

नाव बदला, बोली बदला

त्या काळी हॉलिवुडमध्ये स्टुडिओंचं राज्य होतं. एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर ब्रदर्स वगैरे. नट-नट्यांशी अनेक वर्षांचा करार व्हायचा आणि त्यानंतर तुमचे केस, कपडे, बोलणं, कधी कधी तर नावसुद्धा स्टुडिओच्या ताब्यात. आपल्या इंडक्शन प्रोग्रॅमचा आजोबाच म्हणा की!

इंग्लंडातल्या ब्रिस्टलचा आर्चिबाल्ड लीच असा कॅरी ग्रँट झाला. टेक्सासच्या लुसिल लसूरचं नाव एमजीएमला आवडेना, तेव्हा १९२५ मध्ये चक्क एका मासिकातून वाचकांची स्पर्धा घेतली गेली आणि त्या भानगडीतून जोन क्रॉफर्ड जन्माला आली. एवा गार्डनर तर नॉर्थ कॅरोलायनातल्या तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. न्यूयॉर्कमध्ये फोटो स्टुडिओ असलेल्या तिच्या मेव्हण्यानं तिचा एक फोटो काढून काचेत लावला. त्या फोटोमुळे ती एमजीएमपर्यंत पोचली. चेहरा पसंत पडला, पण बोली इतकी गावरान की स्टुडिओनं तिला उच्चार शिकवायला बाई ठेवली. आमच्याकडे 'काळा'चा 'काया' होतो आणि त्यावरून हॉस्टेलवर हसणारे निघतात. एवा गार्डनरची गोष्ट वाचली तेव्हा मला एकदम बरं वाटलं.

पण ही सगळी मंडळी नाव किंवा बोली बदलून पुढे गेली. एकीला मात्र नावाबरोबर आख्खं जन्मगाव बदलावं लागलं. आणि ते गाव होतं मुंबई.

मुंबईची मुलगी

मर्ल ओबेरॉन हे नाव ऐकलंय? १९११ मध्ये मुंबईत जन्मली. अँग्लो-इंडियन. मुंबईत आणि मग कलकत्त्यात वाढली. विशीच्या आत युरोपात गेली, लंडनला सिनेमात शिरली आणि तिथून हॉलिवुड. 'द डार्क एंजल' या १९३५ च्या सिनेमासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. १९३९ च्या 'वुदरिंग हाइट्स'मध्ये ती लॉरेन्स ऑलिव्हिएची नायिका होती. त्याच गोष्टीवर पुढे आपल्याकडे दिलीपकुमार-वहिदाचा 'दिल दिया दर्द लिया' निघाला.

पण त्या अमेरिकेत मिश्र रक्ताची नायिका चालणार नव्हती. गोऱ्या आणि बिगरगोऱ्या पात्रांमधलं प्रेम पडद्यावर दाखवायलाही सिनेमाच्या नियमांनी बंदी होती. म्हणून मर्लचा जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात, होबार्ट शहरात झाला, अशी एक गोष्ट रचली गेली. ती तिनं आयुष्यभर सांभाळली. तिला वाढवणारी सावळी बाई नात्यानं आजी, पण मर्ल तिला आईच मानायची. पाहुणे आले की ती घरातली मोलकरीण म्हणून वावरायची, असं तिच्या चरित्रकारांनी लिहिलंय. १९७८ मध्ये मर्ल होबार्टला गेली, तेव्हा 'आपल्या गावची मुलगी' म्हणून तिचं स्वागतसुद्धा झालं! पुढच्याच वर्षी ती गेली. खरी हकिकत जगापुढे आली ती त्यानंतर.

आणि गंमत बघा, १९५६ च्या 'भोवानी जंक्शन'मध्ये अँग्लो-इंडियन नायिकेचं काम कुणी केलं? एवा गार्डनरनं! जी ओळख मर्लनं जन्मभर झाकली, ती एवानं मेकअप लावून मिरवली.

'वुदरिंग हाइट्स' आता बघताना मी मर्लचा चेहरा बघते. प्रेमाच्या प्रसंगातसुद्धा ती कुठेतरी सावध आहे असं मला वाटत राहतं. कदाचित हे माझ्याच मनाचे खेळ असतील. पण 'नाशिक साइड' म्हणतानाचा चेहरा मी खूप जवळून पाहिलाय हो!

दुकानाच्या काचेत ऑस्कर

आता दुसरं टोक. जेम्स स्ट्यूअर्ट. उंच, काटकुळा, अडखळत बोलणारा. पेनसिल्व्हानियातल्या इंडियाना नावाच्या छोट्या गावातला. वडिलांचं तिथे हार्डवेअरचं दुकान. पोरगा प्रिन्स्टनला आर्किटेक्चर शिकला आणि नट झाला. 'द फिलाडेल्फिया स्टोरी'साठी १९४१ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. त्यानं ते काय केलं असेल? वडिलांकडे पाठवून दिलं आणि वडिलांनी ते दुकानाच्या काचेत मांडलं. ते अनेक वर्षं तिथेच होतं. लोक खिळे घ्यायला यायचे आणि ऑस्कर बघून जायचे.

स्ट्यूअर्टचं ते अडखळणं, ते रेंगाळत बोलणं स्टुडिओला पुसता आलं नाही. पुढे तीच त्याची ओळख झाली.

आमचंही दुकान हार्डवेअरचंच. पाइप, नट-बोल्ट, पंपाचं सामान. त्यामुळे ही गोष्ट मला कळली तेव्हा मी ती पहिल्यांदा दादाला सांगितली. त्याबद्दल पुढे.

वेष बदलून आलेले सिनेमे

मुंबईत रीगल थिएटर १९३३ मध्ये उघडलं तेच मुळी लॉरेल-हार्डीच्या सिनेमानं. १९३८ मध्ये एमजीएमनं धोबीतलावला स्वतःचं मेट्रो थाटलं. आमच्या घरात हॉलिवुड शिरलं ते मात्र हिंदी कपडे घालून. श्रीमंत बापाची पळालेली मुलगी, फाटका वार्ताहर, बसचा प्रवास… 'दिल है कि मानता नहीं', बरोबर? आईला विचाराल तर ती सांगेल, 'चोरी चोरी', राज कपूर-नर्गिस, १९५६. आणि मूळ बघायला गेलात तर फ्रँक काप्राचा 'इट हॅपन्ड वन नाइट', १९३४. म्हणजे पार्टीतल्या त्या मित्राला ज्याचा एवढा अभिमान आहे, ती गोष्ट आपण लहानपणीच पचवलेली असते. फक्त पाटी वेगळी.

आणि धुळ्याहून मुंबईकडे निघालात की लागतं मालेगाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखनं २००० मध्ये यंत्रमागवाल्या दोस्तांना घेऊन 'मालेगाव के शोले' केला. मग त्यांनी हॉलिवुडच्या सुपरमॅनलाही मालेगावात उतरवलं. त्या शूटिंगवर फैझा अहमद खाननं २००८ मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही अफलातून डॉक्युमेंटरी केली आणि २०२५ मध्ये रीमा कागतीचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरला लागला. हॉलिवुडवर प्रेम करायला आधी फाडफाड इंग्लिश यावं लागतं, असं कुणी म्हणालं तर त्याला मालेगावचं तिकीट काढून द्या.

दादा आणि जॉर्ज बेली

काप्राचाच 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) गेल्या दिवाळीत मी दादाबरोबर पाहिला. नायक जेम्स स्ट्यूअर्ट, नुकताच युद्धातून परतलेला. सिनेमा तेव्हा फारसा चालला नाही. पुढे १९७४ मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, टीव्ही चॅनल्सना तो फुकटात मिळायला लागला आणि दर ख्रिसमसला इतक्या वेळा लागला की अमेरिकेतल्या घराघरात पोचला.

गोष्ट अशी. जॉर्ज बेलीला गाव सोडायचंय, जग बघायचंय. तेवढ्यात वडील जातात. त्यांची छोटी कर्जसंस्था बुडू नये म्हणून तो थांबतो आणि शिक्षणासाठी साठवलेले पैसे धाकट्या भावाला, हॅरीला देतो. ठरलेलं असतं की हॅरी शिकून परत येईल, गादीवर बसेल, मग जॉर्ज सुटेल. हॅरी येतो. पण लग्न करून, आणि सासऱ्याकडच्या चांगल्या नोकरीची ऑफर घेऊन. जॉर्ज त्याला घ्यायला स्टेशनवर आलेला असतो. त्याला ते कळतं. तो क्षणभर एकटा पडतो, आणि मग सगळ्यांच्या आनंदात सामील होतो. त्या क्षणी स्ट्यूअर्ट एक शब्द बोलत नाही. सगळं चेहऱ्यावर.

आमच्या घरी बाबा गेले तेव्हा मी बारावीला होते आणि दादा धुळ्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. तो परत आला, गल्ल्यावर बसला. माझी इंजिनिअरिंगची फी त्या गल्ल्यातून गेली. मला कॅम्पसमधून नोकरी लागली तेव्हा तो मला स्टेशनवर घ्यायला आला होता. हे आम्ही दोघं कधी बोललेलो नाही. आमच्याकडे बोलत नाहीत.

दादाला इंग्लिश संवाद झेपत नाहीत, म्हणून मी अधूनमधून अहिराणीत सांगत होते. स्टेशनचा प्रसंग आला तेव्हा तो म्हणाला, "जरासं मांगे ले." मी मागे घेतलं. त्यानं तो चेहरा परत पाहिला. "आखो एकदा," म्हणाला. मी परत मागे घेतलं. सिनेमा संपला, तेव्हा आख्खं गाव पैसे घेऊन जॉर्जच्या दारात उभं होतं. दादा म्हणाला, "बठ्ठं समजनं माले." म्हणजे, सगळं कळलं मला.

मग मी त्याला ऑस्करची गोष्ट सांगितली. दुकान, काच, खिळे घ्यायला येणारी माणसं. माझी अपेक्षा होती, तो हसेल. त्यानं विचारलं, "मंग त्यावरनी धूय कोन पुसे?"

त्यावरची धूळ कोण पुसायचं? स्टार्सवरच्या एवढ्या लेखांमध्ये हा प्रश्न मला कुठेच भेटला नव्हता. तुम्ही-आम्ही पुण्या-मुंबईत, बंगलोरला ज्या काही ट्रॉफ्या मिळवतो, त्या गावाकडे कुणीतरी पुसून ठेवत असतं. जुन्या हॉलिवुडनं मला जे काही दिलं, त्यात हे सगळ्यात वर.

या वीकएंडला सुरुवात करायचीय?

सबटायटल्स ऑन करा, दिवे बंद करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि शक्य असेल तर एकट्यानं बघू नका.

मॉडर्न टाइम्स (१९३६) – चार्ली चॅप्लिन. बोलणं जवळपास नाहीच, त्यामुळे आजी-आजोबांपासून भाच्यांपर्यंत सगळे चालतात. कारखान्यातला सुरुवातीचा भाग बघा, सोमवारचं ऑफिस आठवेल.

इट हॅपन्ड वन नाइट (१९३४) – क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोलबेर. पाचही मुख्य ऑस्कर्स पटकावणारा पहिला सिनेमा. रात्रीच्या एसटीनं कधी गावी गेला असाल तर यातली बस तुम्हाला ओळखीची वाटेल.

वुदरिंग हाइट्स (१९३९) – मर्ल ओबेरॉनसाठी. बघताना मनातल्या मनात म्हणा, ही आपल्या मुंबईची.

रोमन हॉलिडे (१९५३) – ऑड्री हेपबर्न, आणि याच कामासाठी ऑस्कर. राजवाड्यातून एक दिवस पळालेली राजकन्या. आईबरोबर बघा. माझ्या आईनं शेवटाआधी मला हलवून विचारलं होतं, "आते ती घर जाई का नही?" उत्तर मी तिला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

इट्स अ वंडरफुल लाइफ (१९४६) – हा मात्र गावी जाऊन बघा. ज्यानं तुम्हाला स्टेशनवर सोडलं होतं, त्याला शेजारी बसवून.