कच्चा लिंबू कुणालाच व्हायचं नसतं

आंजी (मोठी) इथे आमच्या शेजारच्या ओसरीवर दुपारच्याला पाचवीतला एक मुलगा आईचा फोन घेऊन बसतो. ‘हिल क्लाइम्ब रेसिंग’ हा त्याचा गेम. फिनलंडच्या फिंगरसॉफ्ट कंपनीनं तो २०१२ मध्ये आणला. खेळायला नेट लागत नाही, म्हणून गावाकडं तो सोयीचा. एका दुपारी मी शेजारी बसून पाहत होतो. अर्ध्या तासात तो वीसेक वेळा हरला असेल. कपाळावर आठीसुद्धा नाही. हाच मुलगा अपूर्णांकांची दोन गणितं चुकली की वही मिटून टाकतो.

असं का होतं, हे कळायला गेममधला अवघडपणा कसा रचलेला असतो ते जवळून पाहावं लागतं. बटणं दोनच, गॅस आणि ब्रेक. गाडी टेकड्यांवरून पुढं न्यायची. पेट्रोल संपलं की डाव संपला. गाडी उलटून चालकाचं डोकं जमिनीला लागलं तरी संपला. सुरुवातीला पेट्रोलचे डबे जवळजवळ मिळतात, पुढं त्यांच्यातलं अंतर वाढत जातं. गाडी हवेत असताना गॅस दाबला तर तोंड वर होतं, ब्रेक दाबला तर खाली. हे त्याला कुणी शिकवलं नाही, पडूनपडूनच समजलं. पडला की कशानं पडला ते समोरच दिसतं, आणि दोन-चार सेकंदांत गाडी परत सुरुवातीला उभी. शिवाय हरलेल्या डावात गोळा केलेली नाणी जात नाहीत. त्यांतून इंजिन सुधारता येतं, टायर चांगले घेता येतात. म्हणजे हरणं स्वस्त, लगेच कळणारं आणि थोडंफार कामी येणारं.

पहिल्या रस्त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, “मजा नाई येत काका, लय सोपं झालं ते.” चिडला तो एकदाच. ऐन उतारावर फोन अडकला आणि गाडी उलटली. “माही चूक नाई ना, फोन अटकला!” वीस वेळा हरताना न आलेला राग त्या एका वेळी आला. मुलांना अवघड चालतं, रडीचा डाव चालत नाही, हे मला त्या दिवशी नीट दिसलं.

आपल्या खेळांत हा हिशेब जुनाच आहे. विटीदांडूत वकट, लेंड, मूंड असं मोजत गेलं की विटी कधी पायावरून, कधी मुठीवरून, कधी डोळ्यावर ठेवून मारायची. दर खेपेला कसरत निराळी. आणि लहानग्यासाठी असतो कच्चा लिंबू. खेळायचं सगळ्यांबरोबर, पण बाद व्हायचं नाही. सोय प्रेमाची, तरी थोडं मोठं झालेलं पोर या नावानं दुखावतं, कारण त्याचं जिंकणंही कुणी धरत नाही. गेममधली ‘ईझी’ पातळी मुलं टाळतात ती त्याचमुळं. गेम करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. मोठ्यांसाठीचा २००५ चा ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ हा गेम, खेळणारा अडखळला की, न सांगता थोडा सोपा होतो. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये वेग किती कमी करायचा ते खेळणारा स्वतः ठरवतो. मला दुसरी रीत जास्त प्रामाणिक वाटते.

सगळाच अवघडपणा मात्र खेळणाऱ्याच्या भल्यासाठी नसतो. ‘कँडी क्रश’मध्ये पाच जीव असतात, संपले की एकेक जीव परत यायला अर्धा तास थांबायचं, नाहीतर पैसे मोजायचे. इथं अडवणूक विकायला ठेवलेली आहे. मूल कोणता गेम खेळतं हे पाहताना आईबापांनी आधी हे तपासावं.

अवघडाला मूल भिडतं की ते टाळतं, यात घरातल्या बोलण्याचाही वाटा असतो. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्याच मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सुटल्यावर ज्यांना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, त्यांचा ओढा पुढं हुशारी टिकून दिसेल अशा सोप्या कामाकडं जास्त राहिला, आणि हरल्यावर ती लवकर ढेपाळली. ज्यांच्या मेहनतीचं कौतुक झालं, त्यांनी शिकायला मिळेल असं काम पसंत केलं.

गेममध्ये चूक जशी लगेच दिसते, तशी ती शाळेतही दिसू शकते. आमच्याच वर्धा तालुक्यात, १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर, सेवाग्रामच्या, हातकामातून शिकवणाऱ्या नई तालीमच्या शाळेत मुलं टकळीवर सूत काढत. धागा तुटला की तुटलेला हातातच दिसतो. पीळ कमी पडला की ओढ जास्त झाली, ते बोटांना कळतं. सांधायचा आणि पुढं कातायचं. गणिताच्या वहीत मात्र लाल फुली आठ-पंधरा दिवसांनी येते. तोवर आपण कुठं घसरलो ते पोर विसरून गेलेलं असतं.

परवा मी ओसरीवरच्या त्या मुलाला पाटीवर एकच बेरीज दिली, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. त्यानं वरचे अंक मिळवले, खालचे मिळवले, दोन पंचमांश लिहिले. मी म्हटलं, “अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, तर ती अर्ध्याहून कमी कशी होईल?” त्यानं पाटी पुसली. दुसऱ्यांदाही चुकलं. मी छेदांकडं बोट नेणार, तेवढ्यात त्यानं पाटी माझ्यापासून दूर ओढली.

“थांबा काका, सांगू नोका.”