ब्रेक निकामी होतात म्हणजे काय?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाटात अपघात झाला की बातमीत बरेचदा एक वाक्य असते : ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला.’ वाचणाऱ्याला वाटते, काहीतरी तुटले असणार. पण घाटात ब्रेक न तुटताही निकामी होतात. ते तापतात.

हिशेब करून पाहू. ४० टनांचा ट्रक घाटात पाचशे मीटर खाली उतरतो तेव्हा त्याची जवळजवळ २० कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. वेग वाढू द्यायचा नसेल, तर ती कुठेतरी जिरवावीच लागते. तेवढ्या उष्णतेवर साडेसहाशे लिटर साधे पाणी उकळेल! हवा आणि टायर त्यातला काही वाटा उचलतात. उरलेला सगळा भार पायाच्या ब्रेकवर टाकला, तर चाकांच्या ड्रममध्ये अक्षरशः बंब पेटतो. ड्रमला आतून घासणाऱ्या लायनरची पकड घटते, ड्रम तापून प्रसरण पावतो आणि लायनरपासून दूर सरतो. मग पेडल कितीही दाबा, गाडी ऐकत नाही.

म्हणूनच जुने चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारा हा आधार गमावतो आणि डिझेलही वाचवत नाही. आजची इंजिने गिअरमध्ये उतरताना इंधन तोडतात; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते.

हाच प्रश्न इथे रेल्वेलाही पडला होता. १८६३ मध्ये सुरू झालेल्या घाटमार्गात गाड्यांना सुमारे २५ किलोमीटरमध्ये ५५८ मीटर चढायचे आणि परतताना तेवढेच उतरायचे होते. काही ठिकाणी चढ ३७ मीटरला एक मीटर. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि ते अवाढव्य काम त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, अंगावर घेऊन तडीस नेले. घाटातून जाताना तिचे नाव आठवावे, असे मला मनापासून वाटते.

त्या घाटात रेल्वेने ‘कॅच सायडिंग’ बांधली : चढावर जाऊन संपणारा आडमार्ग. रूळ बदलणारे सांधे एरवी त्याच्याच बाजूने लावलेले. उतरणारी गाडी ताब्यात आहे हे दिसल्यावरच तिला मुख्य मार्ग मिळतो. सुटलेली गाडी चढावर जाऊन आपोआप मंदावते.

२००२ मध्ये पूर्ण झालेल्या ९४.५ किलोमीटरच्या सहापदरी काँक्रीट मार्गाने बोगदे खोदून वळणे कमी केली. सह्याद्रीची उंची मात्र तेवढीच राहिली, आणि गाडी ताब्यात आहे हे तपासणारे सांधे रस्त्यावर नसतात. ते काम चालकानेच, उतार लागण्याआधी, गिअर उतरवून करायचे. म्हणून ‘ब्रेक निकामी’ एवढ्यावर बातमी संपू नये. गाडी कोणत्या गिअरमध्ये होती, हेही विचारले आणि छापले पाहिजे.