घर विकताना काय सांगायचं, काय झाकायचं?

घर विकायचं ठरलं की बहुतेक लोक आधी रंगाऱ्याला बोलावतात. बोलवावं, त्यात गैर काहीच नाही. पण बेडरूमच्या भिंतीला ओल आहे आणि ती दिसू नये म्हणून रंग काढायचा, असं असेल तर प्रश्न रंगाचा राहत नाही, नीतीचा होतो.

आणि हा प्रश्न फार जुना आहे बरं का. रोमन विचारवंत सिसेरो याने इ.स.पू. 44 मध्ये कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो विचारतो : घरात दोष आहेत, ते मालकालाच ठाऊक आहेत, तर त्याने गिऱ्हाइकाला सांगावेत का? डायोजिनीस म्हणतो, मी कुठे जबरदस्ती केली? बघून घ्या. अँटिपेटर म्हणतो, न सांगणं म्हणजे जाणूनबुजून माणसाला चुकीच्या वाटेला लावणं. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने जातो. तो म्हणतो, प्रत्येक मौन म्हणजे लबाडी नव्हे. पण दुसऱ्याला जे कळायला हवं ते स्वतःच्या फायद्यासाठी दडवणं, ही लबाडीच.

आपला कायदा काय म्हणतो? 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 बघा. वास्तूतला किंवा मालकी हक्कातला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळण्यासारखा नाही, तर तो सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक ठरते. म्हणजे 'विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही' ही सबब चालत नाही.

आता व्यवहारात उतरू. दोष तीन ठिकाणी शोधा.

पहिलं, भिंती. ओल कुठून येते ते आधी शोधा : गच्चीतून, वरच्या बाथरूममधून, की बाहेरच्या भिंतीतून? गच्चीची गळती असेल तर दुरुस्ती सोसायटीची जबाबदारी, तेव्हा लेखी अर्ज द्या. दुरुस्ती आधी, रंग नंतर. आणि ओल पूर्ण वाळू द्या.

दुसरं, बदल. बाल्कनी खोलीत घेतली, मधली भिंत पाडली, तर मंजूर नकाशाशी ताडून बघा. सिसेरोने एक खटला सांगितलाय. रोममधल्या एका घराचा काही भाग पाडा, असा हुकूम आला होता. मालकाने तो दडवून घर विकलं. न्यायाधीशाने निकाल दिला, नुकसान विकणाऱ्याने भरून द्यायचं. आज हुकमाच्या जागी महापालिकेची नोटीस ठेवा, गोष्ट तीच!

तिसरं, कागद. सगळ्यात मोठी गळती इथेच असते. वडील मृत्युपत्र न करता गेले, नॉमिनेशनमुळे भागदाखल्यावर आईचं नाव लागलं. आता आई एकटी घर विकू शकते का? नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. फ्लॅट वडिलांच्या कमाईचा असेल, तर हिंदू वारसा कायद्याने आई, मुलगे आणि मुली सारख्याच वाटेकरी. लग्न झालेली मुलगीसुद्धा. तेव्हा गिऱ्हाईक यायच्या आधी सगळ्यांनी एकत्र बसा. सगळ्यांनी सह्या करायच्या, की कुणी आपला हिस्सा सोडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं, ते ठरवा. टोकन घेतल्यावर हा विषय निघाला, तर व्यवहार मोडतोच, भावंडंही तुटतात.

'सांगितलं तर भाव पडेल ना?' असा प्रश्न इथे आला आहे. पडेल, थोडा पडेल. म्हणून दोष तोंडी सांगून थांबू नका, करारनाम्यात लिहून घ्या आणि किंमत त्या हिशेबाने ठरवा. लिहिलेला दोष पुढे तुमच्यावर उलटत नाही. झाकलेली ओल मात्र पहिल्याच पावसाळ्यात वर येते, आणि तोवर घर दुसऱ्या कुणाचं तरी झालेलं असतं.